तीन चढलो, तीन उतरलो

दिंडोरी तालुक्यातल्या त्या सबस्टेशनात एकच फोन होता. काळा, आणि रिसीव्हर इतका जड की घाईत उचलला तर मनगट लचकावं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी तिथे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो आणि पहिल्या आठवड्यातच माझं मत झालं की या भागातली वीज तारांतून नव्हे, या फोनमधून जाते. तारा नुसत्या शोभेला आहेत.

मत फारसं चुकीचं नव्हतं. रोज कुठेतरी काहीतरी तुटायचं. द्राक्षबागांवरून गेलेल्या जुन्या, सैल पडलेल्या तारा वारा सुटला की एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. इन्सुलेटर तडकायचे. एखाद्या झाडाची फांदी लाइनवर यायची आणि चार गावांच्या मोटारी एकदम गप्प व्हायच्या. मग लाइनमन सायकलला दोर आणि पान्यांची पिशवी अडकवून निघायचा. खांबावर चढण्याआधी त्याने सबस्टेशनला फोन करून त्या लाइनची वीज बंद करून घ्यायची. याला आम्ही परमिट घेणं म्हणायचो. ऑपरेटर ब्रेकर पाडायचा, त्यावर लाल पाटी अडकवायचा, रजिस्टरात लाइनमनचं नाव आणि वेळ लिहायचा. काम झालं, सगळी माणसं खाली उतरली, की त्याच लाइनमनने फोन करून परमिट परत करायचं. त्यानेच, दुसऱ्या कुणी नाही. मग लाल पाटी निघायची आणि वीज सुटायची.

कागदावरचा नियम याहून लांबलचक होता. त्यात छापील फॉर्म होते, सह्या होत्या. पण बारा किलोमीटरवरून सही कशी पाठवणार? तेव्हा सहीच्या जागी आवाज चालायचा.

आमचा ऑपरेटर पन्नाशीचा होता. बारीक अंगाचा, पांढरा सदरा, वरचे पुढचे दोन दात गेलेले. पॅनलसमोर उभा राहिला की देवासमोर उभा असल्यासारखा पायांतल्या चपला नकळत मागे सरकवायचा. लाइनमन हरसूलकडच्या डोंगरातला. आवाज भरदार, शब्द ओढत बोलायचा, आणि जिभेला धार. दोघांची गाठ पडायची महिन्याच्या बैठकीला, म्हणजे वर्षातून फार तर बारा वेळा. तेव्हा ते एकमेकांकडे बघून नुसते हसायचे, लग्न ठरलेल्या पोरापोरीसारखे. बोलायचं सगळं ते फोनवर बोलून घेत.

परमिट परत करताना त्यांची एक ठरलेली रीत होती. लाइनमन म्हणायचा, तीन चढलो, तीन उतरलो, लाइन मोकळी. दोन चढले असतील तर दोन. आकडा रजिस्टरातल्या आकड्याशी जुळला की ऑपरेटर विचारायचा, "जेवलास का?" हे कुठल्याच नियमात नव्हतं. आणि याला लाइनमनचं उत्तर रोज वेगळं असायचं. कधी तुमच्या घरून डबा यायचाय, त्याची वाट बघतोय. कधी जेवलो, पण तुमच्या वाट्याचं कुत्र्याला घातलं. ऑपरेटर खुदकन हसायचा, आणि हसता हसता ब्रेकर चढवायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला ती नुसती थट्टा वाटली. खरं तर तीच सही होती. आवाज कुणाचाही असू शकतो, पण ते उत्तर त्या एकाच माणसाला सुचणार, असा त्या ऑपरेटरचा हिशेब होता. वीस वर्षांत तो चुकला नव्हता.

आता माझ्याबद्दल. मला नकला येतात. कॉलेजात असताना मी नाशिकच्या हौशी नाटकमंडळीत होतो. नायकाची भूमिका कधी मिळाली नाही, पण पडद्याआडून दिग्दर्शकाचा आवाज काढून नायकाला दरदरून घाम फोडण्याचं काम माझं. नोकरीत आल्यावर महिनाभरात सगळं ऑफिस माझ्या गळ्यात येऊन बसलं. उपअभियंत्यांचा खाकरा, हेडक्लार्कचं नाकातलं बोलणं, लाइनमनची ती ओढ. लोक मुद्दाम चहाच्या वेळी यायचे. मी कधीच कुणाला नाही म्हणालो नाही.

त्या जानेवारीत थंडी कडाक्याची होती. द्राक्षांचे मणी फुगायच्या बेतात होते, बागांना पाणी हवं होतं, आणि नेमका एका लाइनवर खांब कलला. लाइनमन आणि त्याचे दोन सोबती सकाळपासून कामाला लागले होते. मी माझी मोटारसायकल घेऊन तिथेच होतो. दुपारी काम संपलं, तिघे उतरले, तारा मोकळ्या झाल्या. आम्ही गावातल्या एसटीडी बूथवर आलो. लाइनमनने फोन लावला आणि तोंड उघडलं, तर आतून नुसता फाटक्या पत्र्याचा आवाज. चार दिवसांची सर्दी आणि सकाळपासूनचा गार वारा, घसा पुरता बसलेला.

पलीकडून ऑपरेटर विचारतोय, कोण? हा सांगतोय, दादा, मीच. ऑपरेटर म्हणतोय, मीच म्हणजे कोण? तीन चढलो, तीन उतरलो झालं, आकडा जुळला. मग तो पुढचा प्रश्न आला, जेवलास का, आणि उत्तर द्यायच्या वेळी लाइनमनला खोकल्याची अशी उबळ आली की काचेच्या त्या खोक्यात तो वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. ऑपरेटरने सरळ सांगितलं की मला हा आवाज ओळखू येत नाही, समोर या, आणि फोन ठेवला.

बाहेर पाच-सहा बागाईतदार जमले होते. मी रिसीव्हर घेतला, पुन्हा नंबर फिरवला आणि माझ्या स्वतःच्या आवाजात सांगितलं की मी बोलतोय, माणसं माझ्यासमोर उभी आहेत, लाइन चालू करा.

ऑपरेटर अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, परमिट तुमच्या नावावर नाय. लाइनमनला पाठवा."

पंचवीस-सव्वीस वर्षांचा साहेब, आणि चार लोकांसमोर हे ऐकावं लागलं. लाइनमनला मागे बसवून मोटारसायकलवर जायला अर्धा तास लागला असता. फार तर पस्तीस मिनिटं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ही गोष्ट सांगताना ही मोटारसायकल मी नेहमी गाळत आलो.

पण तोवर मला दुसरंच काही दिसायला लागलं होतं. मी बूथवाल्याला डोळा मारला, दहा मिनिटं थांबलो, घसा साफ केला आणि नंबर फिरवला. पलीकडे रिसीव्हर उचलल्याबरोबर मी लाइनमनच्या आवाजात सुरुवात केली. गरम पाणी पिऊन आलो दादा, घसा जरा सुटलाय. तीन चढलो, तीन उतरलो, लाइन मोकळी.

मग तो प्रश्न आला.

"जेवलास का?"

"बायकोनं नागलीची भाकर दिलीय," मी म्हणालो. "पण तुमच्या दातांचं काम नाय, दादा. कालवणात भिजवून पाठवतो."

पलीकडे ऑपरेटर खळखळून हसला. हसण्यातच त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि पाठोपाठ गावातली पिठाची गिरणी सुरू झाली.

लाइनमन माझ्याकडे बघत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं, खोकत खोकत हसला. खऱ्या माणसाला ओळखलं नाही आणि खोट्याला वीज दिली, याहून गोड गंमत मी तोवर पाहिली नव्हती. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिघेही जमिनीवर उभे होते, मी डोळ्यांनी पाहत होतो.

पुढच्या नऊ महिन्यांत त्या किश्श्याने चांगलं बाळसं धरलं. मी तो दिंडोरीत सांगितला, नाशिकला गंगापूर रोडवर आमची जुनी नाटकमंडळी जमायची तिथे सांगितला, एका लग्नाच्या पंगतीत तर वाढपी थांबून ऐकत होते. पाच बागाईतदारांचे पंधरा झाले. दर वेळी एखादं वाक्य अधिक चपखल बसायचं. सांगितला नाही तो एकाच माणसाला, आणि त्याला कुणी सांगू नये याची एक प्रकारची समज सगळ्यांना होती. मलाही होती.

खंडेनवमीला सबस्टेशनात पूजा असायची. पाने, पकडी, रबरी हातमोजे, शिडी, रजिस्टर, सगळं धुऊनपुसून मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची. पॅनलला हळदकुंकू लावायचं. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरची पूजा मात्र लांबूनच, कारण तो काही पूजेसाठी बंद ठेवता येत नाही. सगळे कुंपणाबाहेरून अक्षता फेकायचे, त्या अर्ध्या एकमेकांच्या डोक्यावर पडायच्या. त्या वर्षी तीस-चाळीस माणसं होती. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि उपअभियंते म्हणाले, तो फोनचा किस्सा होऊन जाऊ दे.

ऑपरेटर समोरच्याच खुर्चीवर बसला होता. हातात प्रसादाचा द्रोण. त्या दिवशी कामावर असूनही नवा सदरा घालून आला होता. मला वाटतं मी एक श्वासभर थांबलो. नाही म्हणता आलं असतं. दुसरं काही करून दाखवता आलं असतं, हेडक्लार्क तर हुकमी होता. पण चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि चाळीस माणसं बघत असली की माझं काय होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी नारळाची वाटी रिसीव्हर म्हणून कानाला लावली आणि सगळं करून दाखवलं. घसा बसलेला लाइनमन. समोर या म्हणणारा ऑपरेटर, दोन दातांच्या फटीतून निसटणाऱ्या हवेसकट. मग मी केलेला लाइनमन, नागलीची भाकर, आणि शेवटी ऑपरेटरचं ते खळखळून हसणं. ते हसणं मी फार सुंदर करायचो.

लोक लोटपोट झाले. ऑपरेटरही हसला. सगळे थांबले तरी तो थोडा वेळ हसत राहिला, मग द्रोण खुर्चीखाली ठेवून उठला. तास भरला होता, पॅनलवरची रीडिंगं घ्यायची होती. पाठमोरा उभा राहून तो आकडे लिहीत होता आणि मी टाळ्या घेत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सबस्टेशनात गेलो तेव्हा तो एकटा होता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं की त्या दिवशी खांबावर कुणी असतं तर. मी म्हणालो, पण नव्हतं ना, मी स्वतः तिथे होतो.

"ते तुम्हाला ठाऊक होतं, साहेब. मला नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं मला ठाऊक हाय, म्हणून मी चालू केली. आता मागच्या वीस वर्षांत मला खरंच किती वेळा ठाऊक होतं, ते कसं सांगू?"

मी काहीतरी विनोदी बोलून वेळ मारून नेली. काय बोललो ते आठवत नाही, आणि न आठवण्याबद्दल मी आभारी आहे.

त्या दिवसापासून त्याने फोनवर परमिट परत घेणं बंद केलं. कुणीही असो, समोर या, रजिस्टरात सही करा, मग वीज. नियमाने तेच बरोबर होतं, त्यामुळे त्याला कुणी चूक म्हणू शकत नव्हतं. पण दहा मिनिटांचं काम झालं तरी लाइनमनने दहा-बारा किलोमीटर सायकल मारत यायचं, तोवर चार गावं अंधारात नाहीतर बिनपाण्याची. छाटणीचे दिवस, फवारणीचे दिवस. लोक मोर्चा घेऊन आले. दोनदा मी स्वतः लाइनमनला मागे बसवून नेलं, तेव्हा ती मोटारसायकल मला सापडली. लाइनमन सही करायचा, ऑपरेटर त्याला नखशिखांत न्याहाळायचा, सोबतच्या दोघांची नावं विचारायचा. एकदा परतीच्या वाटेवर लाइनमन माझ्या पाठीमागून म्हणाला, "साहेब, दादा आता जेवलास का म्हणून विचारत नाय." बाकी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

वरून ऑपरेटरला पत्र आलं, खुलासा द्या. त्याने खुलासा म्हणून एकच ओळ लिहिली की मला आवाज ओळखता येत नाहीत, तरी पॅनलवरून हलवावं. मी ते पत्र पुढे पाठवताना त्यावर बदलीची शिफारस लिहिली. त्याला नाशिकला मीटर तपासणीत टाकलं. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरची खोकी फोडायची, एकेक मीटर चाचणीच्या फळीवर लावायचं, उतरवायचं. एकदा कामासाठी तिकडे गेलो होतो तेव्हा लांबून दिसला. चपला पायांतच होत्या.

मग दोन हजारनंतरची ती वर्षं आली. लोडशेडिंगने लोकांना आणि आम्हाला पुरतं पिळून काढलं, आणि त्याच सुमारास सुधारणेची कामंही सुरू झाली. माझी बढती झाली होती आणि दिंडोरीच्या बाजूचं काम माझ्याकडे आलं. गावाची लाइन वेगळी, शेतीपंपांची वेगळी. जुन्या तारा उतरवून नव्या ओढल्या. तेलाचे जुने ब्रेकर गेले, व्हॅक्यूमचे आले. लाइनमनच्या खिशात मोबाइल आले. आणि परमिटची पद्धत बदलली. ती मीच लिहून काढली. परमिट देताना ऑपरेटर एक अंक सांगणार, लाइनमन दुसरा अंक सांगणार, दोन्ही दोघांनी लिहायचे. परत करताना दोन्ही जुळले तरच वीज. शिवाय खांबाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडून ठेवायची, म्हणजे कुणी चुकून वीज सोडलीच तरी वरचा माणूस वाचेल. आवाज कुणाचा, कसा, बसलेला की सुटलेला, याला काही अर्थच उरला नाही. बैठकीत या पद्धतीचं फार कौतुक झालं. ही कल्पना सुचली कशी, असं मात्र कुणी विचारलं नाही, नाहीतर त्या बैठकीतही मी किस्सा सांगून बसलो असतो.

वीज सुधारली. खरंच सुधारली. बंद पडणं कमी झालं, पडलीच तर लवकर यायला लागली. आवाजावर माणसांचे जीव टांगून ठेवणं हे चूकच होतं, आणि ती चूक मला इतरांच्या आधी सापडली होती, हेही खरं. पण ती मी ज्याला सांगायला हवी होती तो सबस्टेशनात रोज माझ्यासमोरच होता. एकट्याला, एकदा, खुर्ची ओढून सांगायला हवं होतं की दादा, हे असं असं झालं, यातून कुणाचा जीव जाईल, आपण काहीतरी वेगळं करू. तो अंकांची पद्धत माझ्याआधी शोधून मोकळा झाला असता. मी ती चूक सगळ्या जिल्ह्याला सांगितली, त्याला सोडून.

नव्या सबस्टेशनच्या उद्घाटनाला मी त्याला बोलावलं. तो निवृत्त झाला होता. मी जीप पाठवली. माझ्या मनात एक प्रवेश पक्का बसला होता. मांडव, पाहुणे, माइक. मी सांगणार की या पॅनलवर ज्यांनी वीस वर्षं काढली त्यांच्याच हातून पहिली लाइन चालू होईल. ते पुढे येणार, बटण दाबणार. टाळ्या.

तसंच झालं, बटणापर्यंत. मी माइकवरून नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो पुढे आला. हात मागे बांधलेले. नव्या पॅनलकडे, त्यावरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळला आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"साहेब, मला परत लोकांसमोर उभं करू नका."

मी माइकवर सांगितलं की त्यांचे डोळे भरून आलेत, तेव्हा हा मान आता पाहुण्यांनी घ्यावा. त्याचे डोळे कोरडे होते. लोकांनी जास्तच टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी बटण दाबलं.

गर्दी जेवणाकडे वळली तेव्हा मी त्याला पॅनलच्या मागच्या बॅटऱ्यांच्या खोलीत गाठलं आणि माफी मागितली. खंडेनवमीचं, त्या जानेवारीचं, मोटारसायकलचं, शिफारशीचं, काहीच सोडलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"बोललात छान," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. चेहऱ्यावर रागही नव्हता, तो अंदाज घेत होता. सकाळी मी आधी नाशिकहून आलो, तेव्हा ती माफी जीपमध्ये तीनदा म्हणून पाहिली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरवलं होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण ते त्याने कशावरून ओळखायचं? ओळखायचं त्याच्याकडे जे काही होतं, ते मीच काढून घेतलं होतं.

जेवून जा, असं मी म्हणालो. घरी जेवण झाकून ठेवलंय, असं तो म्हणाला. जीप फाटकाशी उभी होती, ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं. त्याला हात करून तो पुढे गेला आणि रस्ता ओलांडून नाशिकच्या एसटीची वाट बघत उभा राहिला.